हात दिसला पाहिजे: व्हिडिओवरून क्लिनिकल कौशल्यं कशी तपासावीत

गेल्या पावसाळ्यात ग्रामीण रुग्णालयात पोस्टिंगला असलेल्या आमच्या एका इंटर्नने मला पोटाच्या तपासणीचा व्हिडिओ पाठवला. उजेड चांगला, आवाज स्वच्छ, रुग्णाशी बोलणंही आपुलकीचं. तरी मला गुण देता येईनात. मोबाइल तिने खाटेच्या पायथ्याशी टेबलाला टेकवून ठेवला होता. त्यामुळे मला रुग्णाचे तळवे दिसले, तिचा चेहरा दिसला, पण ज्या हाताने ती प्लीहा शोधत होती तो हात पोटाच्या उंचवट्याआड गेला होता. हात उजव्या इलियाक फोसापासून, म्हणजे पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापासून, सुरू झाला की थेट डाव्या बरगडीखालीच गेला, दोन श्वासांच्या मध्ये हात पुढे सरकला की भलत्याच वेळी दाबला, डावा हात पाठीमागून आधाराला होता की नव्हता, यातलं काहीच कळलं नाही. चूक तिची नव्हती. कॅमेरा कुठे ठेवायचा हे मी सांगितलंच नव्हतं.

मी मेडिसीन शिकवते. आमच्या इंटर्नना १२ आठवडे कम्युनिटी मेडिसीनसाठी बाहेर जावं लागतं. त्या काळात त्यांच्या हाताला वळण लावणारं शेजारी कुणी नसतं, म्हणून मी व्हिडिओवरून तपासायला लागले. विद्यापीठाच्या अंतिम प्रात्यक्षिकाला हा पर्याय आहे असं माझं म्हणणं नाही. ती परीक्षा खाटेशेजारीच व्हावी. पण मधल्या काळात पोरं काय करतात हे पाहायला आणि वेळीच सुधारायला व्हिडिओ फार कामाचा आहे. आपल्याकडे सुरुवात करणाऱ्या सहकाऱ्यांसाठी मी काय करते ते लिहिते.

आधी ठरवा: काय दिसतं आणि काय दिसत नाही

वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० साली मांडलेला पिरॅमिड आपण सगळ्यांनी कार्यशाळांत पाहिला आहे: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, प्रत्यक्ष कामात करतो. व्हिडिओ तिसऱ्या पायरीसाठी उत्तम. पण त्यातही एक मर्यादा आहे, आणि ती डोक्यात पक्की नसेल तर सगळं मूल्यमापन भुसभुशीत होतं. व्हिडिओत हात काय करतो ते दिसतं, हाताला काय लागलं ते दिसत नाही.

म्हणून विषय निवडताना मी असा विचार करते. चाल, हाताची थरथर, क्रेनियल नर्व्ह (मेंदूतून थेट निघणाऱ्या नसा), रिफ्लेक्स, घोट गिळताना थायरॉइड वर सरकतो का हे पाहणं, हात धुणं, सीपीआर, इन्हेलर किंवा इन्शुलिन पेन रुग्णाला शिकवणं: हे सगळं व्हिडिओवर छान तपासता येतं. कधीकधी खाटेशेजारी उभं राहून दिसतं त्यापेक्षा चांगलं, कारण मागे जाऊन पुन्हा पाहता येतं. हृदयाचे मर्मर (ठोक्यांमधले जादा आवाज), फुफ्फुसातले बारीक क्रेप्स (श्वासाबरोबरची चरचर), मानेतली जेव्हीपी (मानेच्या शिरेतला दाब) हे मी व्हिडिओवर घेतच नाही. जेव्हीपीचं स्पंदन इतकं मंद असतं की व्हिडिओ कॉम्प्रेस होताना ते पुसलं जातं. मर्मर ओळखता येतो का हे पाहायचं असेल तर ध्वनिफीत ऐकवून वेगळा प्रश्न विचारावा. स्टेथोस्कोप कुठे आणि कोणत्या क्रमाने ठेवला, एवढंच व्हिडिओवरून तपासावं.

रक्तदाबाचं उदाहरण घ्या. डायल कॅमेऱ्यात वाचता येत नाही, पण तंत्र पूर्ण दिसतं: कफ दंडाला योग्य मापाचा आहे का, त्याची खालची कड कोपराच्या दोन-तीन सेंटिमीटर वर आहे का, हात हृदयाच्या पातळीला आधारावर आहे का, आधी नाडीवर बोट ठेवून अंदाज घेतला का, हवा सावकाश सोडली का. आकडा बरोबर आला का हे पाहायचं असेल तर तिथल्या सिस्टरांना थोडं आधी मोजून कागदावर लिहून ठेवायला सांगा.

कॅमेरा कुठे

विद्यार्थी रुग्णाच्या उजव्या हाताला उभा असतो, म्हणून मोबाइल रुग्णाच्या डाव्या बाजूला. उंची विद्यार्थ्याच्या खांद्याइतकी, तोंड किंचित खाली झुकलेलं, अंतर चार-पाच फूट. मोबाइल आडवा. चौकटीत रुग्णाच्या हनुवटीपासून गुडघ्यापर्यंतचा भाग यावा आणि विद्यार्थ्याचा चेहराही दिसावा. चेहरा कशासाठी? पोट दाबताना तो रुग्णाच्या तोंडाकडे पाहतो की भिंतीकडे, हे मला बघायचं असतं. दुखलं की रुग्णाच्या कपाळावर आधी आठी येते, तोंडातून शब्द नंतर येतो. रुग्ण सहविद्यार्थी असेल आणि त्याची हरकत नसेल तर त्याचाही चेहरा घेते. खऱ्या रुग्णाचा नाही.

ट्रायपॉड नसला तर अडत नाही. सलाइनच्या स्टँडला मोबाइल होल्डर घट्ट बसतो, आणि तो स्टँड प्रत्येक वॉर्डात असतो. उंची पाहिजे तशी करता येते. फक्त स्टँडची चाकं लॉक करायला सांगा.

प्रत्येक कौशल्याची चौकट वेगळी. गुडघ्याचा रिफ्लेक्स पाहताना मांडी उघडी आणि चौकटीत हवी, कारण बघायचा असतो क्वाड्रिसेप्सचा, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूचा, आकुंचनाचा झटका. नुसती पिंढरी हलताना पाहून भागत नाही. सीपीआरला कॅमेरा मॅनिकिनच्या बाजूला, छातीच्या पातळीवर. मग दाब पाच-सहा सेंटिमीटर जातो का, दोन दाबांमध्ये छाती पूर्ण वर येते का, कोपरं सरळ आहेत का, सगळं दिसतं. मिनिटाला १०० ते १२० दाब आहेत का हे घड्याळ लावून मोजताही येतं. पर्कशनला, म्हणजे छाती-पोटावर बोटाने ठोकून तपासताना, कॅमेरा जरा जवळ, कारण हालचाल मनगटातून आली की कोपरातून हा तिथला मुख्य मुद्दा.

समोरच्या कॅमेऱ्याने चित्रण करू देऊ नका. काही मोबाइलमध्ये ते चित्र आरशासारखं उलटं साठवलं जातं. एका व्हिडिओत मला यकृत डावीकडे तपासलं जाताना दिसलं आणि मी जवळजवळ गुण कापले होते. रुग्णाच्या शर्टावरची अक्षरं उलटी दिसली तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून रुग्णाच्या उजव्या खांद्यावर चिकटपट्टी लावून तिच्यावर ‘उजवा’ असं लिहायला सांगते.

आवाजाची एक अडचण

पहिल्यांदा थेट व्हिडिओ कॉलवर छातीचं पर्कशन घेतलं, तेव्हा विद्यार्थ्याचं बोट पडताना दिसत होतं आणि आवाज शून्य. तो नीट ठोकतच नाही असं मला वाटलं. मी दोनदा म्हटलं, ‘अरे, जरा जोरात.’ तो बिचारा अधिकाधिक जोरात मारत राहिला आणि समोर बसलेल्या मित्राची छाती लाल झाली. कॉलचं सॉफ्टवेअर माणसाचं बोलणं ठेवतं आणि ठकठक, खडखड, पंखा असले आवाज गोंगाट समजून गाळतं. आपल्या पर्कशनची गत त्याच्या लेखी पंख्यासारखीच. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ची सोय आहे, ती चालू करावी, गूगल मीटवर नॉइज कॅन्सलेशन बंद करावं. त्याहून सोपं म्हणजे पर्कशन थेट कॉलवर घेऊच नये. मोबाइलच्या कॅमेऱ्यात चित्रण करून फाइल मागवावी.

यावरून मी एक सरळ नियम केला: शारीरिक तपासणी चित्रित फाइलवर, संवाद थेट कॉलवर.

फाइल असली की प्रश्न येतो, पोरं दहा वेळा चित्रण करून त्यातलं चांगलं पाठवतील. सरावाच्या व्हिडिओसाठी मला ते हवंच आहे. दहा वेळा केलं म्हणजे दहा वेळा सराव झाला. गुण द्यायचे असतील तेव्हा मात्र मी अर्ध्या तासाची वेळ बांधते. ठरल्या मिनिटाला विषय कळवते, सोबत एक शब्द देते. तो शब्द कागदावर लिहून व्हिडिओच्या सुरुवातीला दाखवायचा आणि मग न थांबता, न कापता एकच चित्रण. ७२० दर्जा पुरतो, त्याहून मोठी फाइल खेड्यातल्या नेटवर्कवरून चढत नाही. म्हणून चित्रण अर्ध्या तासात संपवायचं, फाइल मात्र रात्रीपर्यंत आली तरी चालते.

आणि वीज गेली, नेट तुटलं, मोबाइल गरम होऊन बंद पडला, तर त्या स्टेशनचे, म्हणजे परीक्षेतल्या त्या एका कौशल्याच्या टप्प्याचे, गुण रद्द होत नाहीत. दुसऱ्या दिवशी नवीन विषय देऊन पुन्हा. हे आधी लेखी कळवा. ज्याच्याकडे महागडा मोबाइल आहे त्याला एक गुणही जास्त मिळता कामा नये. परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रत्येकाकडून एक मिनिटाची चाचणी फाइल मागवा आणि चौकट, उजेड, आवाज पाहून ‘ठीक’ किंवा ‘बदल’ असं कळवा. माझा एक तास यात जातो, पण परीक्षेच्या दिवशीचा मनस्ताप वाचतो.

चेकलिस्टमधली क्रियापदं

डंडीच्या रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली ऑस्कीची (ठरावीक स्टेशनांवर चेकलिस्टने घ्यायच्या प्रात्यक्षिक परीक्षेची) पद्धत प्रसिद्ध केली, तिचा गाभाच हा होता की परीक्षक बदलला तरी निकाल बदलू नये. व्हिडिओत हे साधायला चेकलिस्ट फार काळजीपूर्वक लिहावी लागते. ‘पोट व्यवस्थित तपासलं’ हे वाक्य निरुपयोगी. ‘प्लीहेसाठी हात उजव्या इलियाक फोसापासून सुरू केला’, ‘प्रत्येक खोल श्वासानंतर हात तिरपा डाव्या बरगडीकडे सरकवला’, ‘लागली नाही म्हणून रुग्णाला उजव्या कुशीवर वळवलं’ अशी वाक्यं हवीत. जे डोळ्याला दिसतं किंवा कानाला ऐकू येतं तेवढंच लिहायचं. एका स्टेशनला बारा ते पंधरा ओळी पुरे.

त्याखाली पाच पायऱ्यांचा एकंदर शेरा मी नेहमी ठेवते. पंधराच्या पंधरा खुणा मिळवूनही रुग्णाला लाकडाच्या ओंडक्यासारखं हाताळणारा विद्यार्थी मी पाहिला आहे, आणि दोन ओळी विसरूनही विचारपूर्वक, हळुवार तपासणारी मुलगीही पाहिली आहे. नुसत्या खुणांनी त्या मुलीवर अन्याय झाला असता.

गुण द्यायला बसण्याआधी दोन्ही परीक्षकांनी तीन व्हिडिओ वेगवेगळे तपासून मग आकडे समोरासमोर ठेवावेत. आमच्याकडे पहिल्याच वेळी ‘रुग्णाची परवानगी घेतली’ या ओळीवर मतभेद झाला. विद्यार्थी म्हणाला होता, ‘काका, झोपा, पोट बघतो.’ माझ्या सहकाऱ्यांनी गुण दिला होता, मी दिला नव्हता. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी ओळच बदलली: ‘काय करणार ते सांगितलं आणि रुग्णाच्या उत्तराची वाट पाहिली.’ आता त्या ओळीवर कुणाचं दुमत होत नाही. अशी बदललेली प्रत्येक ओळ म्हणजे पुढच्या वर्षाची कमाई.

‘हाताला काय लागलं’ याचं काय? मॅनिकिन किंवा मित्र असेल तर करता करता बोलायला सांगते. खरा रुग्ण असेल तर नाही. ‘यकृत तीन बोटं वाढलंय’ असं पोराने कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं की खाटेवरच्या माणसाचा जीव घाबरा होतो. रुग्णासमोर फक्त रुग्णाशी बोलायचं आणि नंतर बाजूला जाऊन एक मिनिटात निष्कर्ष सांगायचा. तो वेगळ्या फाइलमध्ये आला तरी चालेल.

पडद्यावरचा रुग्ण

संवादाच्या स्टेशनसाठी आमच्याकडे एक निवृत्त सिस्टर रुग्ण होतात. घरी बसून, मोबाइलवरून. त्यांना मी पानभर गोष्ट लिहून देते: वय, घरात कोण, कशाची भीती वाटते, काय विचारल्याशिवाय सांगायचं नाही. पण भाषा त्यांची त्या ठरवतात, आणि तिथेच खरी परीक्षा होते. छातीत दुखतं असं त्या म्हणतच नाहीत. ‘छातीत भरून आल्यागत होतंय’, ‘जीव कासावीस होतो’, ‘हातापायाला मुंग्या येतात’, ‘अंगावर पांढरं जातंय’ असं बोलतात. पंधरा टक्के अखिल भारतीय कोट्यातून आलेली मुलं इथे आधी गडबडतात. ‘म्हणजे नक्की कसं होतं, जरा समजावून सांगता का मावशी?’ एवढं विचारलं तरी मी पूर्ण गुण देते. न समजता मान डोलावली तर नाही.

रोटाहेलर (कॅप्सूलमधली औषधाची भुकटी श्वासातून ओढायचं उपकरण) शिकवण्याचं स्टेशन मला फार आवडतं, कारण त्यात सगळं पडद्यावर घडतं. सिस्टरांना मी सांगून ठेवलं आहे: विद्यार्थी जे सांगेल तेच करायचं, स्वतःचं ज्ञान वापरायचं नाही. एका मुलाने कॅप्सूल बसवायला, फिरवायला नीट सांगितलं आणि मग म्हणाला, ‘आता श्वास पूर्ण बाहेर सोडा.’ उपकरण तोंडापासून लांब धरून सोडा, हे राहिलं. सिस्टरांनी ते ओठात धरूनच फुंकर मारली. पांढरी भुकटी पडद्यावर उडालेली सगळ्यांना दिसली. तो मुलगा दोन सेकंद थांबला आणि म्हणाला, ‘माझं सांगायचं चुकलं मावशी, आपण नवीन कॅप्सूल घेऊ.’ चेकलिस्टमध्ये त्याची एक खूण गेली. एकंदर शेऱ्यात मी त्याला वरची पायरी दिली.

टेलिकन्सल्टेशन हेही स्टेशन ठेवाच. इथे व्हिडिओ हेच कामाचं खरं ठिकाण आहे. २५ मार्च २०२० रोजी आपल्याकडे टेलिमेडिसीनची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसीन सेवेवर हीच मुलं उद्या बसणार आहेत. मी पाहते ते असं: स्वतःचं नाव सांगितलं का, रुग्णाची ओळख आणि वय विचारलं का, तो आत्ता कुठे आहे हे विचारलं का, फोनवर भागणार नाही हे ओळखून ‘आत्ताच्या आत्ता दवाखान्यात या’ असं ठामपणे सांगितलं का. सिस्टर मध्येच म्हणतात, ‘झोपेची गोळी लिहून द्या ना डॉक्टर.’ झोपेच्या बऱ्याच गोळ्या प्रतिबंधित सायकोट्रॉपिक, म्हणजे मनावर परिणाम करणाऱ्या, औषधांत मोडतात आणि ती अशा सल्ल्यात लिहिता येत नाहीत. ‘नाही’ कसं म्हणतात, तेही पाहायचं असतं.

रुग्णाची संमती

पहिले सगळे व्हिडिओ मॅनिकिनवर किंवा स्वखुशीने तयार झालेल्या सहविद्यार्थ्यावर. मुलींवर तर कसलाही आग्रह नको, आणि नकाराचं कारण विचारू नका. स्तन, जांघ, जननेंद्रियांची तपासणी कुणाचीही चित्रित करायची नाही, त्याला मॅनिकिनच. खरा रुग्ण असेल तर मराठीत लिहिलेलं संमतिपत्र मोठ्याने वाचून दाखवायचं आणि ‘नाही म्हटलंत तरी उपचारात काहीही फरक पडणार नाही’ हे वाक्य सिस्टरांनी सांगायचं, विद्यार्थ्याने नाही. पांढऱ्या कोटातल्या माणसाला नकार देणं आपल्या रुग्णांना जड जातं. चौकट हनुवटीखालून सुरू. स्त्री रुग्ण असेल तर खोलीत स्त्री परिचारिका. व्हॉट्सअपवर काहीही जाणार नाही. फाइल कॉलेजच्या ड्राइव्हवर, फक्त दोन परीक्षकांना उघडेल अशी, आणि चढली की विद्यार्थ्याने मोबाइलमधली प्रत पुसायची. २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, तो आहेच; पण त्याच्याही आधी ही त्या माणसाच्या अंगाची गोष्ट आहे. निकालानंतर पंधरा दिवसांनी आम्ही दोघं बसून फाइली काढून टाकतो आणि रजिस्टरमध्ये तारखेसह सही करतो.

व्हिडिओ परत दाखवताना

गुण कळवण्याआधी विद्यार्थ्याला त्याचा व्हिडिओ एकट्याने बघायला द्या आणि तीच चेकलिस्ट त्याला भरायला सांगा. मग दोन चेकलिस्टा शेजारी ठेवून बोलायला बसा. जिथे दोघांच्या खुणा जुळत नाहीत तेवढ्यावरच बोलायचं. दहा मिनिटं पुरतात. नेमकी मिनिटं-सेकंदं लिहून ठेवा: ‘३ मिनिटं ४० सेकंद, हात गार होता, रुग्ण दचकला.’ ‘जरा आत्मविश्वास वाढव’ असल्या शेऱ्याने काही होत नाही.

पावसाळ्यातल्या त्या इंटर्नने दुसरा व्हिडिओ सलाइन स्टँडवरून केला. हात स्वच्छ दिसत होता, आणि तो थेट डाव्या बरगडीखाली गेला होता. तिने स्वतःच्या चेकलिस्टमध्ये त्या ओळीपुढे फुली मारून बाजूला लिहिलं होतं, ‘मॅडम, मी नेहमी असंच करते.’ नऊ दिवसांनी तिसरा व्हिडिओ आला. त्यात तिने आधी दोन्ही तळहात एकमेकांवर चोळून गरम केले, रुग्णाला विचारलं, उत्तराची वाट पाहिली आणि हात उजवीकडे, खाली ठेवला.